कादंबरी मध्यावर ठप्प: अडचण कथानकाची की वेळेची?

अर्धाखर्डा

मंडळी, पहिल्या कादंबरीचा खर्डा २२ हजार शब्दांवर येऊन थांबलाय. लक्ष्य ७० हजारांचं आहे. कथासूत्र थोडक्यात असं: रेवती ही धरणाच्या सुरक्षा तपासणीसाठी नेमलेली अभियंता. धरणाच्या पोटातल्या तपासणी गॅलरीत गळती वाढल्याचं तिला आढळतं. जुन्या कागदपत्रांत बांधकामाच्या काळातला एक अहवाल सापडतो. त्यात नेमक्या याच जागेवरच्या भेगेची नोंद आहे आणि खाली सही तिच्या वडिलांची. वडील हयात आहेत, निवृत्त आहेत आणि या विषयावर त्यांनी कधी अवाक्षर काढलेलं नाही.

इथवर सुरळीत. पुढे रेवती एकेका जुन्या माणसाला गाठते, विचारते, प्रत्येक जण थोडं थोडं सांगतो. अशी सात प्रकरणं झालीत आणि सगळी एकाच साच्यातली वाटतात. शेवट ठरलेला आहे (अहवाल जाहीर होतो), मधलं सुचत नाही.

दुसरं रडगाणं वेळेचं. नोकरी आणि घर सांभाळून दिवसाला सलग अर्धा तास मिळतो, त्यातला निम्मा मागचं वाचण्यात जातो. आधी अख्खा आराखडा करून मग लिहावं, की आहे तसं रेटावं? आणि रोजच्या अर्ध्या तासात कादंबरी होते का?

खोडरबर

सात प्रकरणं एका साच्यातली वाटतात कारण ते एकच प्रकरण सात वेळा लिहिलंय. रेवती जाते, विचारते, समोरचा सांगतो, ती निघते. तिला कुणी अडवत नाही आणि तिचं काही जातही नाही. नुसती माहिती मिळाली म्हणजे घटना घडली असं होत नाही. त्या माहितीमुळे तिला एरवी केलं नसतं असं काहीतरी करावं लागलं, तर ती घटना.

तपासायचं कसं? झालेल्या प्रत्येक प्रसंगाचं एकेक वाक्य करा आणि दोन वाक्यांच्या मध्ये कोणता शब्द बसतो ते बघा. 'आणि मग' बसत असेल तर प्रसंग नुसते ओळीत उभे केलेत. 'म्हणून' किंवा 'पण' बसायला हवा. 'रेवती जुन्या मुकादमाला भेटते, आणि मग भांडारपालाला भेटते.' हे दोन प्रसंग उलटसुलट केले तर वाचकाला पत्ताही लागणार नाही. आता हे बघा: 'मुकादमाकडच्या जुन्या मस्टरवरून रेवतीला कळतं की अहवालावरच्या तारखेला वडील कामावर हजरच नव्हते. म्हणून ती मस्टर मागते, पण मुकादम आत जाऊन वडिलांना फोन लावतो.' पुढचा प्रसंग आता वडिलांचाच, दुसरा होऊच शकत नाही.

तुमच्या सूत्रात तीन गोष्टी दिसत नाहीत.

पहिली, विरोध. वडील हयात आहेत हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आणि त्यांना तुम्ही आरामखुर्चीत बसवून ठेवलंय. त्यांना उठवा. जुन्या सहकाऱ्याला गप्प राहायला सांगू द्या, कपाटातली फाइल हलवू द्या, मुलीची या कामावरून बदली व्हावी म्हणून कुणाकडे तरी शब्द टाकू द्या. त्यांना खलनायक करायची गरज नाही. त्यांच्या जागी बसलं तर पटेल असं कारण मात्र हवं. 'अब्रू जाईल' हे कारण फार ढिलं आहे. 'खरं बाहेर आलं तर ज्याला वाचवण्यासाठी सही केली तो माणूस अडकेल' हे जास्त घट्ट.

दुसरी, मुदत. धरणावरची कादंबरी आणि सूत्रात पाण्याच्या पातळीचा उल्लेख नाही! पावसाळा लागला की जलाशय भरणार आणि पातळी चढली की गळतीही वाढणार. गॅलरीतली गळती व्ही-नॉचवर (पाणी वाहून जायला ठेवलेल्या 'व्ही' आकाराच्या खाचेवर) मोजतात, लिटर प्रति मिनिटात. तो आकडा दर दोन-तीन प्रकरणांनी वाचकाला दिसू द्या, फार भाष्य न करता. मुदत अशीच हवी, गोष्टीच्या पोटातून आलेली. 'अमुक तारखेपर्यंत अहवाल द्या' असं साहेबाने सांगणं ही मुदत कामचलाऊ, कारण साहेब ती वाढवूनही देऊ शकतो. पाऊस थांबत नाही.

तिसरी, किंमत. प्रत्येक पायरीवर रेवतीच्या हातून काहीतरी सुटायला हवं: आधी एखाद्याचा विश्वास, मग कामावरची पत, मग घर. चढत्या क्रमाने. सुरुवातीलाच बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण लावलंत तर पुढची दोनशे पानं उतरतीला लागतील.

तिरकस

सात प्रकरणांत सात जणांकडे रेवतीशी बोलायला वेळ आहे, एकही जण 'नंतर या' म्हणत नाही. पात्रांचा हेवा वाटला.

मधलंपान

खोडरबर यांना अनुमोदन. फक्त शेवटाबद्दल भर घालते. 'अहवाल जाहीर होतो' हा शेवट अजून अर्धाच आहे. कोण करतं जाहीर? रेवती, वडील की तिसराच कुणी? आणि त्या क्षणी दुसरी वाट उघडी होती का? नायिकेपुढे एकच वाट असेल तर तिने निवड केली असं म्हणता येत नाही.

ते ठरलं की शेवटाकडून मागे या. अहवाल ग्राह्य धरला जायला मूळ प्रत हवी, रेवतीकडे छायाप्रत आहे. मूळ प्रत वडिलांकडे. ती एकतर चोरावी लागेल नाहीतर त्यांनी आपणहून द्यावी लागेल. त्यांनी द्यायची तर ज्याला ते वाचवताहेत त्याच्याबद्दलचा त्यांचा समज मोडावा लागेल. तो मोडणारा पुरावा कुणाकडे? मस्टर राखणाऱ्या मुकादमाकडे. मुकादम तो का देईल? रेवतीने त्याच्यासाठी काहीतरी पणाला लावलं तरच. अशा पाच-सहा उड्या मागे मारल्या की मधल्या भागाचे कणखर प्रसंग हाती येतात, आणि प्रत्येकाला 'हा कशासाठी' याचं उत्तर आधीच असतं.

आता मध्याबद्दल. कथानकाचा चढ-उतार दाखवायला चर्चेत हमखास काढतात तो पिरॅमिड गुस्ताफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली पाच अंकी नाटकाच्या रचनेसाठी मांडला. त्यात शिखर मधोमध येतं, शेवटाजवळ नाही. कादंबरीला तो जसाच्या तसा लावू नये, पण मध्यावर काहीतरी उलटलं पाहिजे एवढं त्यातून जरूर घ्यावं. तुमच्या बाबतीत ३५ हजार शब्दांच्या आसपास प्रश्नच बदलला पाहिजे. तोवर वाचक विचारतोय, 'भेग कुणी दडवली?' ते मध्यावरच सांगून टाका. पुढचा अर्धा भाग 'आता कळलंय, तर रेवती काय करणार?' यावर चालेल. रहस्य अगदी शेवटपर्यंत ताणायच्या हट्टापायी मधली पानं पोकळ होतात, कारण लेखकाला पात्रांची तोंडं जबरदस्तीने बंद ठेवावी लागतात.

बिनआराखडा

थोडा विरोधी सूर लावतो. इतकं सगळं आधी ठरवलं की लिहिताना हात जड होतो. पात्र कागदावर उभं राहिलं की आराखड्याबाहेरचं बोलतं आणि कादंबरीतला जिवंत भाग बऱ्याचदा तोच असतो. त्यामुळे पुढच्या तीनच प्रसंगांचं ठरवावं, त्यापुढचं धूसर राहू द्यावं. दर दहा हजार शब्दांनी थांबून लिहिलेल्याचा उलटा आराखडा काढावा: प्रसंगागणिक एक ओळ, त्यात काय बदललं, कुणाला काय कळलं. ज्या ओळीत काहीच बदललेलं नाही तो प्रसंग काढायचा किंवा शेजारच्यात मिसळायचा.

या पद्धतीचा तोटाही सांगतो. पुनर्लेखन जास्त पडतं. सात प्रकरणांतली चार जातील अशी तयारी ठेवा. गेलेलं पुसू नका, 'काढलेलं' नावाच्या वेगळ्या फाइलीत टाका. त्यातले संवाद पुढे कामी येतात.

आणखी एक धोका दोन्ही पंथांना सारखाच. धरणावर वाचत बसणं म्हणजे लिहिणं नव्हे. आराखड्याला रंगीत खुणा करणं म्हणजेही नव्हे. व्ही-नॉचचा कोन किती, हे आत्ता माहीत नसेल तर तिथे ## टाका आणि पुढे सरका. अशा शंका साठवून महिन्यातून एकदा एका बैठकीत निपटा. ## का, तर ते चिन्ह मजकुरात एरवी येत नाही, त्यामुळे शोधताना एकही जागा सुटत नाही.

हिशेबनीस

वेळेचं गणित मांडतो. ७० हजारांतले २२ हजार झाले, उरले ४८ हजार. एक प्रसंग सरासरी १२०० शब्दांचा धरला तर ४० प्रसंग. अर्ध्या तासात पाच मिनिटं बसण्या-उठण्याची गेली तर २५ मिनिटांत ३०० शब्द हा सवयीने जमणारा वेग. म्हणजे एका प्रसंगाला चार बैठका, एकूण १६०. आठवड्याला पाच धरल्या तर ३२ आठवडे. आजारपण, पाहुणे, कामाचा रेटा यांसाठी आठ आठवडे जादा ठेवा. दहा महिन्यांच्या आत पहिला खर्डा पुरा. छापील पान २५० शब्दांचं धरलं तर २८० पानं होतात. तेव्हा अर्ध्या तासात कादंबरी होते. मात्र त्या अर्ध्या तासात 'आज काय लिहू' हा प्रश्न आला की हिशेब कोसळतो.

म्हणून आराखडा आणि वेळ हे दोन वेगळे प्रश्न मी मानतच नाही. प्रसंग ठरलेला नसला की दहा मिनिटं मागचं वाचण्यात जातात, दहा विचारात, उरलेल्या दहात हात गरम होईपर्यंत उठायची वेळ. मग आपण म्हणतो, वेळ मिळत नाही.

उपाय: ठरवायचं काम लिहायच्या वेळेबाहेर काढा. ठरवायला सलग वेळ लागत नाही. प्रवासात, भांडी घासताना, रांगेत उभं असताना ते होतं, फक्त डोक्यात एकच नेमका प्रश्न घेऊन निघायचं. 'कादंबरीचं पुढे काय' हा नेमका प्रश्न नव्हे. 'मुकादमाने मस्टर इतकी वर्षं का जपलं' हा नेमका. उत्तर सुचलं की फोनवर बोलून नोंदवा, रात्री ते कार्डावर उतरवा.

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा कागद, एका प्रसंगाला एक. त्यावर पाच ओळी: कुणाच्या नजरेतून, त्याला आत्ता काय हवंय, कोण किंवा काय आडवं येतं, शेवटी काय बदलतं, आणि प्रसंगाचं पहिलं वाक्य. पाचवी ओळ लोक गाळतात आणि तीच सगळ्यात उपयोगाची, कारण खुर्चीत बसल्या बसल्या हात चालायला लागतो. चौथी ओळ भरता येत नसेल तर तो प्रसंग अजून लिहिण्याजोगा झालेला नाही, तो बाजूला ठेवून दुसरं कार्ड उचला. पाच कार्डं कायम पुढे तयार असावीत. दोनवर आली की एक बैठक फक्त कार्डांसाठी.

मागचं वाचण्याबद्दल: शेवटचा परिच्छेद वाचा, बस्स. पहिल्या प्रकरणापासून वाचत आलात की दुरुस्तीचा किडा वळवळतो आणि पहिलीच तीन प्रकरणं वर्षभर घासून गुळगुळीत होतात. दुरुस्ती सुचली तर वेगळ्या यादीत एक ओळ: 'प्र. ३, वडिलांचा चष्मा आधी दाखवायचा.' आणि पुढे असं लिहा की चष्मा दाखवून झालेला आहे.

बैठक संपवताना प्रसंग पुरा करायच्या मागे लागू नका. पुढचं वाक्य माहीत असताना उठा. दुसऱ्या दिवशी ते वाक्य उतरवलं की गाडी रुळावर येते.

शंकासुर

पण एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यातली नोकरी करून समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा म्हणतात. मग अर्ध्या तासाला ३०० म्हणजे फारच कमी नाही का?

हिशेबनीस

त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय. पण त्याच हिशेबातला दुसरा भाग कुणी सांगत नाही: पहाटे साडेपाचला बसून तो तीन तास काम करायचा आणि त्यातला पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचं वाचण्यात घालवायचा. त्याच्याकडे तीन तास होते म्हणून अर्धा तास परवडत होता. इथे एकूणच अर्धा तास आहे. वेग उचलायच्या भानगडीत पडण्यापेक्षा ती शिस्त उचला.

तीच गत एका महिन्यात ५० हजार शब्द लिहायच्या उपक्रमाची. तो १९९९ साली सुरू झाला आणि जगभर पसरला. ३० दिवसांत ५० हजार म्हणजे रोज १६६७. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ३३३४, अर्ध्या तासवाल्यांसाठी ते अशक्य. चुकलेले शब्द पुढच्या दिवसावर चढवायचे नाहीत हा नियम करा. आठवड्याचं लक्ष्य ठेवा, ते हुकलं तर सोमवारी पाटी कोरी.

मधलंपान

मोजायचं असेल तर शब्द मोजण्यापेक्षा बैठका मोजा. दुरुस्तीच्या टप्प्यावर शब्द कमीच होतात, तेव्हा शब्दांवर अवलंबून असलेली सवय तुटते.

कानामात्रा

कथानक जाणत्यांनी सांगितलंच आहे, मी मजकुराच्या बाजूने बोलते. दहा महिने चालणाऱ्या खर्ड्यात भाषा सरकते. एका पानाचं नियमपत्रक आत्ताच करून ठेवा: निवेदनात 'केले, गेले' की 'केलं, गेलं'? 'त्याने' की 'त्यानं'? संवादाला एकेरी अवतरण की दुहेरी? आकडे अंकी की अक्षरी? रेवती वडिलांना 'तुम्ही' म्हणते की 'तू', मुकादम रेवतीला 'मॅडम' म्हणतो की 'ताई' की नुसतं 'बाई'? शेवटची बाब फार नाजूक. संबोधन बदललं की नातं बदलतं, म्हणून ते चुकून बदलता कामा नये. मुद्दाम बदलायला मात्र हरकत नाही. पाचव्या प्रकरणापर्यंत 'मॅडम' म्हणणारा मुकादम मस्टर देताना 'पोरी' म्हणाला, तर तुमचे दोन परिच्छेद लिहायचे वाचतात.

पात्राचं नाव मध्येच बदलायचं झालं तर 'सगळीकडे बदला' हे बटण डोळे मिटून दाबू नका. समजा भांडारपालाच्या बायकोचं नाव 'कला' आहे आणि ते 'मीना' करायचंय. 'शिकला'चं 'शिमीना' होईल, 'टाकला'चं 'टामीना'. शिवाय आकारान्त नावांची सामान्यरूपं निसटतात: 'शारदा' शोधलंत तर 'शारदेला', 'शारदेच्या' जागच्या जागी राहतात. प्रत्येक रूप वेगळं शोधा आणि एकेक बघून बदला. नावं ठरवतानाच पहिलं अक्षर वेगवेगळं ठेवलंत तर वाचकाचाही घोळ टळतो. रेवती, रमेश, रजनी एका घरात नकोत.

बोलून टंकन करत असाल तर विरामचिन्हं बऱ्याचदा नंतर घालावी लागतात आणि जोडाक्षरांचे घोटाळे होतात. टिपणांसाठी उत्तम, संवादांसाठीही बरं, निवेदनासाठी शक्यतो हातानेच. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फाँटमधला मजकूर नंतर रूपांतरित करताना रफार आणि वेलांट्यांचे जे हाल होतात ते निस्तरायला एका अर्ध्या तासात कुणाचं भागत नाही. फाइलीच्या नावात तारीख घाला. 'अंतिम', 'अंतिम_नवीन', 'खरंच_अंतिम' ही वंशावळ वाढवू नका. एक प्रत यंत्रात, एक बाहेर.

तिरकस

वाखूसा (वाचनखूण साठवली). 'शिमीना' हे खलनायिकेचं नाव म्हणून घेतलं जाईल, आगाऊ आभार.

अर्धाखर्डा

सगळ्यांचे आभार. लगेच एक कार्ड करून पाहिलं. नजर रेवतीची. हवंय: मस्टर. आडवं येतं: मुकादमाला भीती वाटते. शेवटी बदलतं: रेवतीला कळतं की सही खोटी असू शकते. पहिलं वाक्य: 'मुकादमाच्या घराचं दार उघडंच होतं.'

खोडरबर

कार्ड निम्मं जमलंय. 'भीती वाटते' हा अडथळा नव्हे, ती मनःस्थिती झाली. भीतीपोटी मुकादम काय करतो ते लिहा: मस्टर जळालं म्हणतो, आणि बोलताना नजर माळ्याकडे जाते. चौथ्या ओळीत पुन्हा 'कळतं' आलंय, म्हणजे जुन्या साच्याकडे परत. 'रेवती मस्टर न मागता उचलून आणते' असं केलंत तर कळणंही त्यात आलं आणि तिने पहिल्यांदा नियम मोडला, ज्याचा हिशेब वडील पुढे तिच्याकडेच मागू शकतात: 'तूही कागद पळवलासच ना?'

पहिल्या वाक्यात दार उघडं ठेवू नका. मुकादम दारातच उभा राहू द्या, तिला आत घेण्यावरूनच खेचाखेची सुरू होऊ द्या.

अर्धाखर्डा

कळलं. मग आधीच्या सात प्रकरणांचं काय? आत्ताच दुरुस्त करू की पुढे जाऊ?

बिनआराखडा

पुढे जा. सातांचा उलटा आराखडा तेवढा आज करून टाका, सात ओळींचं काम आहे. कोणती तीन राहतात ते ठरवा आणि बाकीची गेली असं धरून आठवं लिहायला घ्या. प्रत्यक्ष कापाकापी खर्डा पुरा झाल्यावर, कारण शेवट लिहिल्याशिवाय सुरुवातीला काय पेरायचं हे नक्की होत नाही.

हिशेबनीस

आणि चार प्रकरणं गेली तर माझ्या ३२ आठवड्यांत भर पडेल. प्रकरणं सरासरी तीन हजारांची असतील तर १२ हजार शब्द, म्हणजे ४० बैठका, आठ आठवडे. जादा ठेवलेले आठ त्यात खर्ची पडले, तेव्हा आजारपणासाठी नवे आठ वाढवून तारीख आत्ताच पुढे सरकवा.